खोक्यावर ‘४के’, पडद्यावर ३० हर्ट्झ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पणजी, मडगाव, म्हापसा, कुठेही जा, टेबलावर २७ इंची ४के मॉनिटर मांडून त्याला डॉकमार्फत (एका यूएसबी-सी तारेवर मॉनिटर, डिस्क, लॅन सगळे जोडून देणारी डबी) लॅपटॉप जोडणारे लोक आता सर्रास दिसतात. हिशेबनीस आहेत, वास्तुरचनाकार आहेत, डीटीपीवाले आहेत, घरून काम करणारी तरुण मंडळी तर आहेतच. यातल्या बऱ्याच जणांचा मॉनिटर प्रत्यक्षात निम्म्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ६०ऐवजी ३० चित्रे (३० हर्ट्झ) दाखवत चालत असतो. माउसचा बाण अडखळत सरकतो, पान वर-खाली केले की अक्षरे फरफटतात. विकणारा म्हणतो लॅपटॉपचा ड्रायव्हर बघा, लॅपटॉपवाला म्हणतो मॉनिटर बदलून घ्या, आणि गिऱ्हाईक हेलपाटे घालत राहते. दोष बहुतेक वेळा या दोघांच्या मधल्या डबीत किंवा तिच्या केबलमध्ये असतो. मॉनिटर परत करण्याआधी काय तपासावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी आकडा बघावा. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले आणि त्यात खाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. वरच्या यादीतून बाहेरचा मॉनिटर निवडा, नाहीतर लॅपटॉपच्याच पडद्याचे आकडे वाचत बसाल. ‘अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोड’पुढे ३८४० × २१६० आणि ३० हर्ट्झ दिसले, तर रोग कळला. तिथेच रिफ्रेश रेटच्या यादीत ६० असेल तर निवडा, विषय संपला. विंडोज कधी कधी उगाचच ३०वर बसून राहते. यादीत ६० नसेलच, तर वाटेत कुठेतरी जागा अपुरी पडते आहे.

त्या जागेचा हिशेब कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. ते सेकंदाला ६० वेळा काढायचे, प्रत्येकाला २४ बिट रंग द्यायचा आणि दोन चित्रांमधला रिकामा वेळही धरायचा, तर साधारण साडेबारा ते पावणेतेरा गिगाबिट प्रतिसेकंद लागतात. ३० हर्ट्झला याच्या निम्मे पुरतात. यूएसबी-सी सॉकेटमध्ये २४ पिना असतात आणि त्यांत वेगवान तारांच्या जोड्या चार. साधा हब, म्हणजे छोटा, स्वस्तातला डॉक, त्यांतल्या दोन जोड्या हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, लॅन यांसाठी राखून ठेवतो आणि दोनच चित्राला देतो. लॅपटॉप किंवा हब यांपैकी एक जरी डिस्प्लेपोर्टच्या (चित्र वाहून नेण्याच्या पद्धतीच्या) १.२ या जुन्या आवृत्तीचा असला, तर एका जोडीवरून ५.४ गिगाबिट जातात. दोन जोड्यांचे झाले १०.८. त्यातला पाचवा हिस्सा संकेतनातच जातो आणि हाती उरतात ८.६४. साडेबारा त्यात मावत नाहीत, सव्वासहा मावतात, म्हणून ३० हर्ट्झ. यात काहीही बिघडलेले नसते. ड्रायव्हर दहा वेळा काढून घातला तरी जोड्या दोनच राहणार.

डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर एका जोडीवर ८.१ गिगाबिट जातात आणि दोन जोड्यांवर निव्वळ १२.९६ मिळतात. ४के ६० हर्ट्झ त्यात बसते, पण अगदी काठोकाठ. एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त तपशील दाखवायची सोय) चालू करून रंग १० बिटवर नेला की गरज १६ गिगाबिटच्या आसपास जाते आणि डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवायची सोय दोन्हीकडे नसेल, तर रंग तरी कमी होतो किंवा वेग तरी. ‘काल नीट होते, आज एचडीआर लावल्यापासून अडखळते’ या तक्रारीचे मूळ इथे असते. आणखी एक अडचण अशी की नवा १.४चा हब घेतला तरी लॅपटॉप जुना असेल तर उपयोग शून्य. इंटेलच्या आठव्या पिढीतल्या अंगभूत ग्राफिक्सला डिस्प्लेपोर्ट १.२च आहे, अकराव्या पिढीपासून १.४ मिळते. हब घेण्यापूर्वी लॅपटॉपच्या मॉडेलचे तपशील उघडून एवढे पाहावे.

काही स्वस्त हबवर ‘४के ६० हर्ट्झ’ लिहिलेले असते आणि ते खरेही असते, कारण ते चारही जोड्या चित्राला देऊन टाकतात. मग यूएसबीकडे उरतो तो जुना ४८० मेगाबिटचा मार्ग. पडदा गुळगुळीत चालतो, पण बाहेरच्या एसएसडीवरून लग्नाचे व्हिडिओ संपादित करणारा माणूस डोक्याला हात लावतो. थेट यूएसबी-सीने जोडल्या जाणाऱ्या काही मॉनिटरच्या मेनूत हाच निर्णय आपल्या हाती दिलेला असतो: ‘हाय रेझोल्युशन’ की ‘हाय डेटा स्पीड’. दोन्ही हवे असेल तर ४० गिगाबिटचा थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ (यूएसबी-सी आकाराच्याच पोर्टचे जास्त वेगवान प्रकार) डॉक घ्यावा लागतो, आणि तसलाच पोर्ट लॅपटॉपलाही असावा लागतो. पोर्टशेजारी विजेची खूण असेल तर थंडरबोल्ट. ‘डी’ अक्षरात ‘पी’ कोरल्यासारखी खूण असेल तर डिस्प्लेपोर्ट चित्र मिळते. नुसता यूएसबीचा त्रिशूळ असेल तर चित्र मिळेलच असे नाही. कितीतरी लॅपटॉपचा यूएसबी-सी पोर्ट फक्त डेटासाठी असतो आणि त्याला कोणताही हब लावला तरी पडदा काळाच राहतो.

आता तपासणीचा क्रम. डॉक बाजूला ठेवून मॉनिटर थेट लॅपटॉपला जोडा, शक्यतो यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशा केबलने. इथे ६० हर्ट्झ मिळाले तर लॅपटॉप आणि मॉनिटर दोघेही निर्दोष. एचडीएमआयने तपासणार असाल तर जपून, कारण लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्टच १.४चा असला तर तो ४केला ३०च देणार, आणि तुम्ही विनाकारण मॉनिटरवर ठपका ठेवाल. एचडीएमआय २.० हवे, १८ गिगाबिटचे. मग डॉक मध्ये घाला, पण त्याला एकच मॉनिटर जोडा, बाकी सगळे काढून ठेवा. चित्र आले की एकेक वस्तू परत लावत जा. हे कंटाळवाणे आहे, पण दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

मॉनिटरचा स्वतःचा मेनूही उघडून बघावा. मागच्या किंवा खालच्या बटणांनी उघडणारा हा मेनू लोक विकत घेतल्या दिवसानंतर पाहतच नाहीत. त्यात डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ की १.२ की १.४, असा पर्याय असू शकतो. जुन्या संगणकांशी जुळावे म्हणून काही मॉनिटर कारखान्यातून खालच्या आवृत्तीवर ठेवून येतात. टीव्हीला मॉनिटर म्हणून वापरणाऱ्यांनी एचडीएमआय पोर्टनिहाय ‘यूएचडी कलर’, ‘डीप कलर’ किंवा ‘एन्हान्स्ड’ अशा नावाची सोय शोधावी. ती बंद असेल तर त्या पोर्टवर ६० हर्ट्झ येणार नाही, किंवा आले तरी रंगांचा तपशील कापून येईल. ही कापाकापी ओळखायला आपली लिपी फार उपयोगी पडते. निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत ‘सांगितले’ लिहून बघा. अनुस्वाराचा ठिपका आणि वेलांटीची कड धुरकट, पसरलेली दिसली आणि तेच अक्षर काळ्या-पांढऱ्यात स्वच्छ दिसले, तर अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ‘कलर फॉरमॅट’ बघा. तिथे ‘आरजीबी’ऐवजी ‘वायसीबीसीआर ४२०’ असणार.

केबलबद्दल तर वेगळे पत्र लिहावे लागेल. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली सी-टू-सी केबल दिसायला डॉकच्या केबलसारखीच असते, पण तिच्यात चार्जिंगच्या आणि यूएसबी २च्या तारा सोडून काही नसते. तिने लॅपटॉप चार्ज होईल, चित्र येणार नाही. डॉकसोबत आलेली केबल हरवली तर ‘कुठलीही सी केबल’ आणू नये. थंडरबोल्टच्या डॉकला वेगाचा आकडा आणि विजेची खूण छापलेलीच केबल लावावी. थंडरबोल्ट ३ची साधी केबल पूर्ण ४० गिगाबिट देते ती ०.८ मीटरच्या आतच, थंडरबोल्ट ४ची २ मीटरपर्यंत देऊ शकते. यूएसबी-सीला एक्स्टेंशन केबल लावणे मुळात प्रमाणातच बसत नाही, तरी ती बाजारात मिळते. एचडीएमआयला ‘प्रीमियम हाय स्पीड’ असे प्रमाणित लेबल असलेली केबल पाहावी, दोन मीटरपेक्षा लांब शक्यतो नको. एचडीएमआयची केबल कमी पडू लागली की पडद्यावर पांढरे ठिपके चमचमतात, डिस्प्लेपोर्टची कमी पडली की पडदा एक-दोन सेकंद काळा होऊन परत येतो. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय असा साधा, आत चिप नसलेला जोड फार तर ४के ३०पर्यंत नेतो. ६० हवे तर ‘अ‍ॅक्टिव्ह’ जोड मागा. आणि हे जोड एकदिशा असतात: लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये तोच उलटा घालून काही मिळत नाही.

बाण उड्या मारतो म्हणून प्रत्येक वेळी ३० हर्ट्झला दोष देऊ नये. लॅपटॉपच्या टचपॅडने बाण हलवून बघा. टचपॅडने गुळगुळीत आणि बिनतारी माउसने अडखळत असेल, तर माउसचा डोंगल हबमध्ये यूएसबी ३च्या पोर्टला किंवा बाहेरच्या डिस्कला चिकटून बसला आहे. यूएसबी ३चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि माउसही तिथेच बोलतो. डोंगल हातभर यूएसबी २ एक्स्टेंशनवर घेऊन दूर ठेवला की झाले.

इथपर्यंतचे सगळे पुण्यात काय, बंगळुरूत काय, सारखेच. गोव्यात त्यात आपल्या हवेची भर पडते. किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा, आणि जून ते सप्टेंबर चार महिने भिंतीला ओल. यूएसबी-सी सॉकेटमधल्या पिना अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने बसवलेल्या असतात, आणि ज्या जिभेवर त्या असतात ती एक मिलिमीटरहूनही पातळ. मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. सोनेरी पट्ट्यांवर हिरवट किंवा काळपट डाग दिसले तर संपर्क बिघडू लागला आहे. याची खूण अशी की पूर्वी ६० हर्ट्झ देणारा तोच डॉक, त्याच केबलने, आता ३०वर येतो किंवा हात लागला की काळा होतो. जोडणी करताना दोन्ही टोके वेग आजमावून बघतात, आणि एखादी जोडी डळमळीत वाटली की आपणहून खाली उतरतात. एक सोपी चाचणी आहे: लॅपटॉपच्या बाजूचा यूएसबी-सी प्लग काढून उलटा करून लावा. सुलटा-उलटा दोन्ही बसतो, पण पिना वेगळ्या वापरल्या जातात. उलटा केल्यावर वागणूक बदलली, तर दोष संपर्काचाच, सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल प्लगवर दोन-तीन थेंब टाकावे, प्लग चार-सहा वेळा आत-बाहेर करावा आणि वाळायला पंधरा मिनिटे द्यावीत. टाचणी, सुई, सेफ्टी पिन अजिबात नको. ती जीभ वाकली की मदरबोर्डचे काम निघते. चतुर्थीला घर आठवडाभर बंद करून गावी जाताना डॉक झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

दुसरा प्रश्न लाईटचा. लॅपटॉपचा चार्जर हबमध्ये लावून तिथून लॅपटॉपला वीज देणे सोयीचे खरे, पण लाईट गेली की चार्जर बंद होतो, हब लॅपटॉपकडून वीज मागायला नव्याने बोलणी सुरू करतो आणि त्या क्षणी त्यावरचे सगळे तुटते. पडदा जातो तो दोन-तीन सेकंदांनी येतो. बाहेरच्या डिस्कवर चाललेली नक्कल मात्र अर्धवट राहते, कधी फाइल खराब होते. लाईट परत आली की हाच प्रकार पुन्हा. वळवाच्या दिवसांत हे किती वेळा होईल, ते सांगायला नको. डॉक आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवर असावेत. २७ इंची मॉनिटर साधारण ३० ते ४० वॅट खातो, डॉक लॅपटॉप चार्ज करत असेल तर आणखी ९०-१०० वॅट, तेव्हा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस काम जपून ठेवण्यापुरता पुरतो. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो, तो यूपीएसवर ठेवा. बदल लवकर होतो आणि डॉक सहसा झोपत नाही. चार्जरच्या वॅटचाही हिशेब हवा. हब स्वतःसाठी १०-१५ वॅट काढून घेतो, म्हणजे ६५ वॅटच्या चार्जरचे लॅपटॉपपर्यंत ५० पोचतात. जड काम चालू असताना बॅटरी लावूनही उतरते, ती यामुळे.

डॉकचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करायला सगळेच सांगतात, आणि त्याने खरोखर बऱ्याच तक्रारी सुटतात, विशेषतः लॅपटॉप झोपेतून उठल्यावर मॉनिटर न उठण्याची. पण ते काम पावसाळी संध्याकाळी, यूपीएसशिवाय कधीही करू नये. मध्येच वीज गेली तर डॉकचा दगड होतो. लॅपटॉपची बॅटरी निम्म्याच्या वर असावी, डॉकवर मॉनिटर सोडून काही नसावे. मॉनिटर उठत नाही याला आधी घरगुती उपाय करून बघावा: मॉनिटरच्या मेनूतला ‘डीप स्लीप’ बंद करणे, डॉक आणि मॉनिटर दोघांचाही मुख्य प्लग भिंतीतून काढून मिनिटभराने लावणे. बटणाने बंद करून चालत नाही. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडलेले काम न घालवता.

धातूच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात, ही जुन्या घरांतली नेहमीची गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. अर्थिंग तपासून घ्यावे. जांभ्याच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि ते नावापुरते उरते. लॅपटॉप, डॉक, मॉनिटर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर ठेवावेत, आणि एचडीएमआयची केबल चालू यंत्रांत खुपसू नये.

दोन मॉनिटर लावणाऱ्यांनी वरचाच हिशेब दोनदा मांडावा. ८.६४ गिगाबिटमध्ये १०८०चे (१९२० × १०८०) दोन मॉनिटर आरामात बसतात. एक १४४०चा (२५६० × १४४०) आणि एक १०८०चा मिळून नऊच्या वर जातात आणि दुसरा मॉनिटर अंधारात राहतो. पहिल्याचा रिझोल्युशन उतरवला की दुसरा जागा होतो, त्यावरून खात्री करून घ्यावी. मॅकवाल्यांचे गणित निराळे. एका यूएसबी-सी तारेतून दोन वेगळे पडदे काढण्याची जी एमएसटी पद्धत साध्या डॉकमध्ये असते, ती मॅकओएस मानत नाही. दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते. शिवाय साध्या एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुकला बाहेरचा पडदा एकच, एम३ला झाकण मिटल्यावर दोन, एम४ला झाकण उघडे ठेवून दोन. यावर तोडगा म्हणून डिस्प्लेलिंकचे डॉक विकले जातात. ते चित्र दाबून साध्या यूएसबीतून पाठवतात, त्यांना वेगळे सॉफ्टवेअर लागते, मॅकवर ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ची परवानगी द्यावी लागते, आणि नकलेपासून संरक्षित सिनेमे तिथे काळे दिसतात. तक्ते, पत्रव्यवहार यांना उत्तम. व्हिडिओ संपादनाला मी तरी सुचवणार नाही.

दुकानदारांना एक विनंती. खोक्यावर एमआरपी आणि आयातदाराचा पत्ता छापावाच लागतो, पण ‘४के’ला लागून हर्ट्झ किती ते बारीक अक्षरांत मागच्या बाजूला असते, नाहीतर नसतेच. गिऱ्हाईक विचारते तेव्हा ‘हो, ४के चालतो’ एवढ्यावर न थांबता बिलावर ‘३८४० × २१६०, ६० हर्ट्झ’ असे लिहून द्यावे. गिऱ्हाइकानेही ते मागून घ्यावे. तोंडी बोलण्याला पुढे काही किंमत नसते, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवायची वेळ आली तर हातात हेच एक कलम असते.

महाविद्यालये, पंचायती, सरकारी खाती यांनी निविदेत नुसते ‘४के डॉकिंग स्टेशन’ लिहिणे थांबवावे. त्या तीन शब्दांत दीड-दोन हजारांचा हबही बसतो आणि त्याच्या दसपट किमतीचा थंडरबोल्ट डॉकही, आणि पुरवठादार स्वस्तातलाच देणार. किती मॉनिटर एकाच वेळी, प्रत्येकी किती रिझोल्युशन आणि किती हर्ट्झ, डॉक थंडरबोल्ट, यूएसबी४ की डिस्प्लेलिंक, लॅपटॉपला किमान किती वॅट आणि सोबतच्या केबलची लांबी, एवढे लिहावे, आणि ज्या लॅपटॉपला तो लावायचा आहे त्याचे मॉडेलही. माल आला की त्याच लॅपटॉपला सगळे मॉनिटर जोडून, सोबत बाहेरच्या डिस्कवरून मोठी फाइल उतरवत दहा मिनिटे चालवून बघावे. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमधले आकडे निविदेशी ताडून घ्यावेत आणि चलनावर सही त्यानंतर करावी.

आपला,
एक वाचक, फोंडा-गोवा